डावे तापते की उजवे? मामांच्या राजदूत ३५०च्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार. विश्रामबाग, सांगली

मामांची राजदूत ३५० आज सकाळी सांगलीवाडीहून टेम्पोतून घरी आली. गाडी १९८५ सालची आहे. जपानच्या यामाहाचे आरडी ३५० हे मॉडेल एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३पासून फरिदाबादला राजदूत या नावाने काढले, त्यांतलीच ही एक. इंजिन टू-स्ट्रोक, शेजारीशेजारी दोन सिलिंडर, ६४ मि.मी. बोअर आणि ५४ मि.मी. स्ट्रोक, एकूण ३४७ सीसी. दोन सिलिंडरांची दोन हेड (वरची झाकणे) वेगळी, कार्ब्युरेटर दोन, पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे स्पर्शक) दोन, कॉइल दोन आणि सायलेन्सरही दोन. थोडक्यात, एका क्रँकवर (पिस्टनांनी फिरणाऱ्या दांड्यावर) बसवलेली दोन स्वतंत्र इंजिनेच म्हणावी लागतील. तपासणीच्या दृष्टीने हे सोयीचे आहे, कारण एका बाजूचा भाग दुसरीकडे लावून दोष त्याच्याबरोबर सरकतो का हे पाहता येते.

मामांची तक्रार अशी की उजवे सिलिंडर जास्त तापते. त्यांना हे एका मेकॅनिकने इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान दाखवणारे यंत्र) लावून सांगितले होते आणि त्यावर काही उपायही केले होते. कोणते, ते मामांना आठवत नाही. मात्र बोलता बोलता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी लगेच लिहून ठेवली. गेल्या उन्हाळ्यात तासगाव रस्त्यावर गाडी एकदा धरली होती, म्हणजे तापून पिस्टन सिलिंडरात अडकला होता, आणि त्या वेळी जो पिस्टन धरला तो डावा होता. उजवे तापत असेल तर डावा पिस्टन का धरावा, याचे उत्तर मामांकडे नाही आणि आज माझ्याकडेही नाही.

संध्याकाळी इंजिन दहा मिनिटे चालवून मी माझी गन लावून पाहिली. डावे हेड ८८ अंश, उजवे १३७ अंश. म्हणजे मेकॅनिक खोटे बोलत नव्हता. त्यानंतर दोन्ही प्लग काढले. उजव्याचे पोर्सेलिन चहाच्या रंगाचे होते, तर डाव्याचे खडूसारखे पांढरे. पांढरा प्लग म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि ज्वलन गरम. गन एक सांगते आहे आणि प्लग नेमके उलटे सांगतो आहे. दोघांपैकी एकाचे चुकते आहे.

७ जानेवारी, मंगळवार

गनचेच चुकत होते, आणि त्याचे कारण हेडच्या चकाकीत सापडले. पिस्टन धरल्यावर डाव्या बाजूचे काम झाले तेव्हा मामांनी हौसेने ते हेड बफ मारून आरशासारखे करून घेतले होते. उजवे हेड मात्र चाळीस वर्षांच्या धुळीने, तेलाने आणि ऑक्साइडच्या थराने काळपट झालेले आहे. इन्फ्रारेड गन तापमान मोजत नाही, पृष्ठभागातून बाहेर पडणारे उत्सर्जन मोजते आणि त्यावरून तापमान काढते. स्वस्त गनमध्ये उत्सर्जनक्षमता ०.९५ अशी कायमची धरलेली असते. काळ्या, खरखरीत पृष्ठभागाला ती लागू पडते. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जनक्षमता मात्र एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, त्यामुळे गन त्या हेडची उष्णता पाहण्याऐवजी बरीचशी आजूबाजूच्या भिंतींचीच प्रतिबिंबित उष्णता पाहते आणि आकडा फार कमी दाखवते.

दोन्ही हेडवर प्लगच्या शेजारी, सारख्याच जागी, रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका सायलेन्सरला लावतात त्या उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाने दिला. रंग वाळल्यावर पुन्हा दहा मिनिटे इंजिन चालवले आणि गन ठिपक्यावर धरली. डावे १८३, उजवे १५९. चित्र पूर्ण उलटले.

तरीही केवळ गनच्या भरवशावर पुढे जायचे नाही असे ठरवले, कारण चालत्या गाडीवर ती धरता येत नाही आणि थांबल्यावर दोन मिनिटांतच हेड बरेच निवते. प्लगच्या वायसरच्या जागी बसणाऱ्या १४ मि.मी. कड्याचे के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) दोन माझ्याकडे होते. त्यांची पडताळणी करण्यासाठी स्वयंपाकघरातले पातेले मागून घेतले. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, ९८च्या थोडे वर उकळते. उकळत्या पाण्यात एकाने ९७.९ आणि दुसऱ्याने ९८.६ दाखवले. पाऊण अंशाचा फरक माझ्या कामाला चालेल. तरी प्रत्येक चाचणी दोन्ही थर्मोकपलांची जागा बदलून दुसऱ्यांदा करायची, असे ठरवून टाकले.

कडे लावताना प्लगचे स्वतःचे वायसर काढावे लागते. दोन्ही ठेवली तर प्लग आत कमी जातो आणि मोजायला निघालेलीच गोष्ट बदलते.

१२ जानेवारी, रविवार

आज आधाररेषा ठरवली. रस्ता एकच: विश्रामबागेतून माधवनगरमार्गे तासगावच्या दिशेने. वेळ सकाळी साडेसहा, कारण त्या वेळी वारा नसतो आणि उसाच्या ट्रॅक्टरांची रांगही लागलेली नसते. चौथा गिअर, ताशी ६० किलोमीटर, दहा किलोमीटर अंतर, आणि शेवटच्या दोन किलोमीटरमधले स्थिरावलेले आकडे लिहायचे. पेट्रोल नेहमी एकाच पंपावरचे. उभे राहून काही तपासायचे असेल तर मेन स्टँडवरच, कारण साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि फ्लोटमधली पेट्रोलची पातळी दोन्हीकडे सारखी राहत नाही.

हवा १६ अंश. डावे २०३, उजवे १७१. थर्मोकपल अदलाबदल करून परतीच्या फेरीत डावे २०२, उजवे १७१. फरक ३२ अंश.

व्ही आकाराच्या इंजिनात मागचे सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असते, तेथे थोडा फरक गृहीतच धरावा लागतो. येथे दोन्ही सिलिंडर वाऱ्याला सारखेच सामोरे आहेत, तेव्हा ३२ अंशांचे समर्थन करता येणार नाही.

आणखी एक लक्षण आज ध्यानात आले. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही; दोन-तीन सेकंद तो वरच रेंगाळतो आणि मग खाली येतो. ही खूण हवेच्या गळतीची असू शकते, परंतु केबल आखूड असली किंवा कार्ब्युरेटरमधली स्लाइड (ॲक्सिलरेटरने वर उचलली जाणारी झडप) अडकत असली तरीही असेच होते, म्हणून त्यावर इतक्यात उडी मारायची नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

मामांनी डाव्या सिलिंडरच्या समोर क्रॅश गार्डवर ट्रकचा असावा एवढा एक जादा भोंगा बसवलेला आहे. तो काढून तीच फेरी मारली: डावे २००, उजवे १७१. तीन अंश. तिळगूळ घ्यायला आलेल्या मामांना भोंगा हातात दिला तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "आरं, आता म्हशी बाजूला कशा व्हायच्या?" असे ते म्हणाले. भोंगा परत लावलेला नाही.

१९ जानेवारी, रविवार

आजचा दिवस अदलाबदलीचा. आधी दोन्ही प्लग एकमेकांच्या जागी लावले, फरक तोच राहिला. मग कॉइल बदलून पाहिल्या, तरीही तोच. कॉम्प्रेशन ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, सात-आठ किक मारून मोजले; डावे ११८ आणि उजवे १२१ पीएसआय (दाबाचे एकक), म्हणजे तक्रारीला जागा नाही.

त्यानंतर टायमिंग. पॉइंटमधली फट दोन्हीकडे फीलर गेजने ०.३५ मि.मी.वर आणली. प्लगच्या भोकात डायल गेज बसवून पॉइंट उघडतात त्या क्षणी पिस्टन टोकापासून किती खाली आहे ते मोजले. दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा होता. डावीकडची ठिणगी उजवीपेक्षा ०.३५ मि.मी. आधी पडत असल्याचे दिसले. ५४ मि.मी. स्ट्रोकच्या या इंजिनात, पिस्टन टोकाच्या जवळ असताना, हे क्रँकच्या साधारण पावणेदोन अंशांएवढे होते. ठिणगी लवकर पडली की जळणाऱ्या मिश्रणाचा दाब पिस्टन वर येत असतानाच चढतो आणि ती उष्णता हेड व पिस्टनच्या माथ्यावर बसते. पॉइंटची मूळ प्लेट फिरवून एक बाजू लावली आणि तिच्यावरच्या अर्ध्या प्लेटने दुसरी. या क्रमाने न केल्यास एक जमवताना दुसरी बिघडते. मागच्या वेळी असेच झाले असावे असे मला वाटते.

फेरीचा निकाल: डावे १९४, उजवे १७१. फरक २३ वर आला. ही सुधारणा खरी आहे, पण मुख्य कारण अजून शिल्लक आहे.

२२ जानेवारी, बुधवार

कारखान्यातून आल्यावर रात्री दोन्ही कार्ब्युरेटर उघडले. उजव्याचा मेन जेट (पेट्रोल जाण्याचे मुख्य छिद्र) डाव्यापेक्षा दोन नंबरांनी मोठा निघाला. आता मामांना न आठवणारा उपाय कोणता, ते समजले. गनने उजवे हेड गरम दाखवले, म्हणून उजव्याला जास्त पेट्रोल देऊन ते थंड करण्यात आले, आणि खरोखर तापणारे डावे तसेच राहिले. चुकीच्या मापावर केलेला उपाय आपल्या परीने यशस्वीही झाला होता, कारण उजवे त्यानंतर आणखी थंड झाले असणार.

दोन्हीकडे सारखा जेट घालायचा तर कोणता, हा प्रश्न होता. छोटा घातला असता तर उजवेही तापले असते, म्हणून डाव्यालाही मोठाच घातला. पंपावर सध्या २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो आणि त्याला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या काळात निवडलेला जेट आजच्या पेट्रोलवर आपोआप हवेकडे झुकतो. याने दोन्ही बाजू सारख्याच तापतील, म्हणून तफावतीचे हे कारण नव्हे. पण धरण्याच्या काठावर असलेल्या पिस्टनला उरलेली सुरक्षित मर्यादा त्याने कमी होते, हे नक्की.

फ्लोटची उंची व्हर्नियरने मोजली, अर्ध्या मिलिमीटरच्या आत दोन्ही सारखी. नीडल आणि त्यांची क्लिप एकाच खाचेत. स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात का हे पाहण्यासाठी चार मि.मी. ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा एका स्लाइडखाली ठेवून केबल लावली आणि दुसऱ्या बाजूला त्याच जाडीचा दांडा कसा बसतो ते पाहिले. किंचित घट्ट लागला, तो जमवला. मिरजेच्या एका परिचितांना मी एकदा तंबोऱ्याची जवारी लावताना पाहिले होते. दोऱ्याची जाडी ते कधी मोजत नाहीत, पण तो सुईच्या टोकाएवढा सरकला तरी त्यांना स्वर फिरल्याचे कळते. स्लाइड जुळवताना बोटांना तेच काम करावे लागते.

२३ जानेवारीच्या सकाळी: डावे १८७, उजवे १७०. फरक १७.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपून ऑइल पंप पाहिला. या गाडीत तेल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत. उजव्या बाजूचा पंप ते दोन नळ्यांनी दोन्ही सिलिंडरकडे पोहोचवतो. एका नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर त्या बाजूचा पिस्टन कोरडा पडतो आणि धरतो, म्हणून हा संशय पहिल्या दिवसापासून डोक्यात होता. टाकीत तात्पुरते मिश्रित पेट्रोल भरले, दोन्ही नळ्या सोडून त्यांना औषधाच्या खुणांच्या दोन सिरिंज जोडल्या आणि इंजिन मंद चालवत अर्धा तास दोन्हीकडे जमा होणारे तेल पाहिले. डोळ्यांना फरक दिसला नाही. पंप निर्दोष.

एक सावधगिरी येथेच लिहून ठेवतो. गाडी तापते म्हणून काही जण पंप चालू असतानाच पेट्रोलमध्येही तेल घालतात. तेल जितकी जागा घेते तितके पेट्रोल जेटमधून कमी जाते, म्हणजे मिश्रण आणखी हवेकडे जाते.

२ फेब्रुवारी, रविवार

आतापर्यंत प्लग, कॉइल, जेट, नीडल, तेल, सगळे एका बाजूचे दुसरीकडे नेले किंवा समान केले, आणि उरलेली उष्णता डावीकडेच राहिली. म्हणजे दोष हलवता न येणाऱ्या भागात आहे. असे भाग दोनच: इनटेकचे (मिश्रण आत येण्याच्या वाटेचे) रबर आणि रीडचे (मिश्रण एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्यांचे) जोड, नाहीतर क्रँकची सील (हवा व तेल अडवणारी रबरी कडी). इनटेकच्या जोडांवर चालत्या इंजिनात कार्ब क्लीनर फवारून पाहिला, वेगात काहीच बदल झाला नाही. तेव्हा दाब-चाचणी.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचे पोट, म्हणजे क्रँक फिरतो ती बंद जागा, हे पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना तेथे निर्वात होतो आणि कार्ब्युरेटरमधून मिश्रण ओढले जाते. त्या पोटाला कोठेही भोक असेल तर तेथूनही हवा येते, आणि ती पेट्रोलशिवाय येते. या इंजिनात क्रँकच्या उजव्या टोकाला क्लच आणि प्राथमिक गिअर असल्यामुळे तिकडचे सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन उजवा सायलेन्सर पांढरा धूर सोडतो आणि रोग आपणहून कळतो. डाव्या टोकाला डायनॅमो आणि पॉइंट आहेत. तिकडे तेल नाही. ते सील गेले तर नुसती कोरडी हवा आत जाते. धूर नाही, गळती नाही, आवाज नाही. फक्त मिश्रण पातळ होते आणि सिलिंडर तापते. बारीक ॲक्सिलरेटरवर कार्ब्युरेटरमधून येणारी हवा थोडी असल्यामुळे या उपऱ्या हवेचा वाटा मोठा ठरतो. त्यामुळेच वेग रेंगाळत होता.

कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर उतरवून इनटेकच्या तोंडात रबरी बुच बसवली, एक्झॉस्टवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवून पट्ट्या आवळल्या. जुन्या प्लगचे पोर्सेलिन फोडून त्याच्या बॉडीला नळी जोडली. दाबासाठी घरातले रक्तदाब मोजायचे यंत्र घेतले: त्याचा ३०० मि.मी. पारा म्हणजे ५.८ पीएसआय होतो, आणि या चाचणीला सहा पीएसआयच्या आसपासच दाब लागतो. (आईने यंत्र परत नीट चालेल ना, एवढेच विचारले.) डावा पिस्टन खाली आणून ट्रान्सफर पोर्ट (पोटातून सिलिंडरात येण्याची भोके) उघडे ठेवले, म्हणजे प्लगमधून भरलेली हवा पोटात उतरते.

एक गोष्ट मला आधी नीट उमगली नव्हती. दोन्ही पोटांच्या मध्ये रबरी सील नाही, चक्राकार खाचांचे लॅबिरिंथ सील आहे. इंजिन फिरत असताना ते काम भागवते, पण थांबलेल्या इंजिनात स्थिर दाब त्यातून सावकाश दुसऱ्या बाजूला जातो. त्यामुळे पहिल्या प्रयत्नात, उजवी बाजू न बुजवता, काटा सरळ खाली आला आणि मी उगीच मधल्या सीलला दोष देऊन बसलो. दोन्ही बाजू बुजवून एकत्रच तपासावे लागते.

नीट बुजवल्यावर काटा ३०० वरून शून्यावर यायला ५० सेकंद लागले. चांगल्या इंजिनात मिनिटाला एक पीएसआय, म्हणजे ५० मि.मी. पारा, एवढीच घट खपते. साबणाचे पाणी सगळीकडे लावले. सिलिंडरचा पाया कोरडा, हेडचे जोड कोरडे. उजव्या सीलसाठी गिअरबॉक्सच्या ब्रीदरच्या तोंडावर साबणाचा पडदा धरला, तो हलला नाही. डाव्या बाजूचे झाकण काढले, पुलर लावून डायनॅमोचा रोटर ओढून घेतला आणि त्यामागे ब्रशने साबण लावला, तर शाफ्टच्या भोवती खालच्या बाजूने पांढरा फेस उकळल्यासारखा वर आला.

मामा तेथेच उभे होते. "बरोबर, तिथंच तर पाणी शिरलं हुतं," असे ते म्हणाले.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा, सांगलीवाडीच्या घरात ही गाडी चार दिवस टाकीपर्यंत बुडालेली होती. ही गोष्ट मामांनी महिनाभरात एकदाही सांगितली नव्हती. त्यांच्या मते ती सर्वांना ठाऊकच होती.

९ फेब्रुवारी, रविवार

इंजिन खाली घेतले. क्रँक केसचे वरचा आणि खालचा असे दोन अर्धे वेगळे करून क्रँक बाहेर काढला. डावे सील जुने नाही. रबर लवचीक आहे, म्हणजे पुरानंतर कधीतरी ते बदलले गेले. मात्र ज्या पट्ट्यावर सीलची लिप (आतली कड) घासते तेथे शाफ्टवर गंजाचे खड्डे आहेत, आणि त्यांच्या धारेने लिप करवतीसारखी कातरली आहे. म्हणजे ज्याने सील बदलले त्याने शाफ्टवरून नख फिरवून पाहिले नाही. त्या पट्ट्यावर मायक्रोमीटरने सहा शतांश मिलिमीटरची झीज मोजली. डाव्या बेअरिंगच्या गोळ्यांवरही बारीक डाग आहेत, तेही बदलायचे. क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून रनआउट (फिरताना तो किती डगमगतो ते) पाहिला: ०.०२ मि.मी., चांगला.

शाफ्टचे काय करावे यावर दोन दिवस विचार केला. कुपवाड एमआयडीसीत हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग करून मिळते, आणि टूलरूममधल्या माणसाला पहिला विचार तोच सुचतो. परंतु हा क्रँक दाबून जोडलेला आहे. क्रोमसाठी तो सुटा करायचा तर पुन्हा सरळ जुळवण्याचा व्याप. न सुटा करता टाकीत बुडवायचा तर मधल्या बेअरिंगांत आम्ल शिरण्याची भीती. त्याऐवजी शाफ्टवर पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची तयार स्टीलची बाही दाबून बसवायची ठरवले; अशा बाहीवर मूळ मापाचेच सील चालते. ती पुण्याहून मागवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाही आली. खड्ड्यांत धातूची पूड मिसळलेले इपॉक्सी भरून, ओले असतानाच बाही नळीच्या तुकड्याने सरळ ठोकून बसवली. नवी सील दोन्ही बाजूंना फ्लोरो रबराची घातली, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा वास त्यांना रोज घ्यावा लागणार आहे. लिपला ग्रीसचे बोट लावले. मधल्या लॅबिरिंथला हात लावला नाही.

केस बंद करून, सिलिंडर बसवून, रंगकाम वगैरे काही न करता प्रथम तीच दाब-चाचणी घेतली. पाच मिनिटांत काटा ३०० वरून २७० वर आला. रात्री साडेअकराला आईचे रक्तदाब यंत्र धुऊन परत दिले.

२ मार्च, रविवार

दीडशे किलोमीटर सावकाश चालवून झाले आहेत. इंजिन गाडीवर चढल्यावर टायमिंग, पॉइंट आणि स्लाइड पुन्हा शून्यापासून लावले, कारण रोटर काढल्यावर आधीचे काहीही गृहीत धरता येत नाही. ॲक्सिलरेटर सोडला की वेग आता ताबडतोब उतरतो. उलट मंद वेगावर डावी बाजू जड वाटू लागली, कारण एअर स्क्रू गळती असतानाच्या हवेवर लावलेले होते. ते दोन्हीकडे सारखे करून, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, नव्याने जमवले.

९ मार्च, रविवार

तोच रस्ता, तोच गिअर, ताशी ६०. हवा २२ अंश, जानेवारीपेक्षा सहा अंश जास्त, म्हणून आकडे तुलना करताना हवेचे तापमान वजा करूनच पाहावेत. डावे १८२, उजवे १७७. थर्मोकपल बदलून डावे १८१, उजवे १७७. फरक चार ते पाच अंश. हवा वजा केली तर उजवे जानेवारीत होते तेथेच आहे आणि डावे तब्बल २७ अंशांनी उतरले आहे.

प्लग-चॉपही केला: पूर्ण ॲक्सिलरेटरवर चौथ्या गिअरमध्ये नेऊन, क्लच दाबून इंजिन बंद केले आणि रस्त्याच्या कडेला प्लग काढले. दोन्ही चहाच्या रंगाचे, डावा किंचित फिका. उरलेल्या चार-पाच अंशांच्या मागे मी जाणार नाही. बफ मारलेले हेड काळपट हेडपेक्षा उष्णता थोडी कमी सोडते, त्याचाच काही भाग यात असेल.

माधवनगरच्या रस्त्यावर परतताना हळदीच्या पोत्यांचे ट्रक मार्केट यार्डकडे निघालेले होते आणि त्यांच्यामागे गाडी पंधरा मिनिटे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होती. दोन्ही आकडे २०० पर्यंत चढले, पण जोडीने चढले आणि रस्ता मोकळा झाल्यावर जोडीनेच उतरले.

१६ मार्च, रविवार

मामा गाडी घेऊन गेले. त्यांना लिहून दिलेल्या गोष्टी: पाचशे किलोमीटरनंतर हेडचे नट पुन्हा आवळणे, प्लग काढून मला दाखवणे, आणि पावसाळ्याआधी एकदा दाब-चाचणी. भोंगा त्यांनी मागून घेतला. तो हँडलच्या खाली, सिलिंडरच्या वाऱ्यात येणार नाही अशा ठिकाणी बसवून दिला.

निघताना त्यांनी चकचकीत हेडवरच्या काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवून तो खरवडून पुन्हा बफ मारून देण्याविषयी विचारले. मी नकार दिला. उजव्या हेडवरचाही ठिपका तसाच ठेवला आहे.